नदीच्या क्रूझआधी आणि क्रूझनंतर मुक्काम कुठे करावा? नागपूरहून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

क्रूझ ठरली की घरात पहिली चर्चा केबिनची होते. खिडकी की बाल्कनी, कोणता मजला, जेवणात शाकाहारी काय मिळेल. शहरातल्या हॉटेलचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोही ‘एका रात्रीचा तर प्रश्न आहे, कुठेही राहू’ असं म्हणत. खरं तर जहाजावर काही अडलं तर धावून यायला माणसं असतात. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्री मात्र तुम्ही, तुमच्या बॅगा आणि बहुतेक वेळा साठी ओलांडलेले आई-बाबा, एवढेच असता. २०२३ च्या जानेवारीत ‘गंगा विलास’ वाराणसीहून दिब्रुगडकडे ५१ दिवसांच्या प्रवासाला निघाली, तेव्हापासून आपल्याकडेही नदीच्या क्रूझची चौकशी होऊ लागली आहे. पण ती चौकशी अजून जहाजापाशीच थांबते.

माझं मत आधीच सांगते. आधीची रात्र आणि नंतरची रात्र ही दोन वेगळी कामं आहेत. आधीची रात्र वेळेवर जहाजात चढण्यासाठी असते, नंतरची शहर पाहण्यासाठी. दोन्हींसाठी एकच हॉटेल, एकच भाग, एकच बजेट धरलं की हमखास एक बाजू लंगडी पडते. पुढे जे सांगितलंय ते या क्रमाने करा.

पहिलं काम: शहराचं नाव सोडा, धक्का विचारा

क्रूझच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात शहराचं नाव असतं. जहाज त्या शहरात उभं असेलच असं नाही. ‘प्राग ते बुडापेस्ट’ असं लिहिलेल्या सहलीत जहाज प्रागला येतच नाही, कारण ज्या डॅन्यूब नदीवर ही सहल असते ती प्रागमधून वाहतच नाही. प्रागला दोन रात्री हॉटेल, मग बसने न्युरेम्बर्ग, रेगेन्सबर्ग किंवा पासाऊ, आणि तिथे जहाज. ‘कैरो आणि नाइल’मध्येही बहुतेक वेळा जहाज लक्सर किंवा अस्वानला असतं, कैरोपासून तासाभराच्या विमानप्रवासावर.

म्हणून कंपनीला किंवा ट्रॅव्हल एजंटला हे प्रश्न विचारा: जहाज कोणत्या घाटावर, कोणत्या जेटीवर लागणार? चढायला किती वाजल्यापासून? शेवटच्या दिवशी केबिन किती वाजता सोडायची? उत्तर ‘नंतर कळवू’ असं येतं, आणि त्यात लबाडी नसते. नदीवर धक्क्याच्या जागा मर्यादित असतात, पाण्याची पातळी बदलते, त्यामुळे नक्की जागा सहसा निघायच्या काही दिवस आधीच ठरते. पण ‘मागच्या सीझनला कुठे लागत होतं?’ हे विचारलंत तर बरोबर सांगतात. तेवढ्यावर हॉटेलचा भाग ठरवता येतो. फक्त बुकिंग पैसे परत मिळणारं घ्या.

दुसरं काम: घड्याळ मांडा

कागद घ्या आणि नागपूरपासून धक्क्यापर्यंतच्या सगळ्या वेळा एकाखाली एक लिहा. युरोपात केबिन साधारण दुपारी तीन-चारला मिळते, शेवटच्या दिवशी नऊच्या आत सोडावी लागते. नाइलवर बहुधा दुपारच्या जेवणापर्यंत चढवून घेतात आणि शेवटच्या दिवशी नाश्ता झाला की उतरवतात.

आता ‘काहून उगाच एक दिवस आधी जायचं, सकाळच्या विमानाने पोचतोच की’ हा नेहमीचा प्रश्न. नागपूरहून बहुतेक ठिकाणी जाताना मुंबई, दिल्ली किंवा आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं विमानं तासन् तास रोखून धरतं, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचंही तेच. गंगेचा सीझन नेमका हिवाळ्यातच असतो. जहाज चुकलं तर जग बुडत नाही. नदीतलं जहाज दिवसाला फार अंतर कापत नाही, पुढच्या मुक्कामाच्या गावी टॅक्सीने किंवा रेल्वेने ते गाठता येतं. पण तो खर्च आणि ती धावपळ तुमची. हॉटेलची एक रात्र त्यापेक्षा स्वस्त पडते. भारतात एक रात्र आधी पोचा, परदेशात जमलं तर दोन.

अजून एक गोष्ट बघा, जी लोक हटकून विसरतात. कार्यक्रमपत्रिकेत जहाज पहिल्या किंवा शेवटच्या रात्री त्याच शहरात उभं राहणार आहे का? बुडापेस्ट, ॲम्स्टरडॅम, लक्सर इथे असं बरेचदा असतं. मग त्या शहरातला एक दिवस तुम्हाला केबिनच्या भाड्यातच मिळालेला असतो. त्यावर आणखी तीन रात्री हॉटेल घ्यायचं कारण नाही.

काशी: घाटावर की कॅन्टॉन्मेंटला?

आपल्याकडून सगळ्यात जास्त लोक जातात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी एक फरक लक्षात घ्या: काशीत संध्याकाळच्या तासा-दोन तासांच्या फेरीलाही क्रूझच म्हणतात. तसली फेरी असेल तर हे सगळं गणित करायची गरज नाही, आरतीच्या जवळ राहा आणि मोकळे व्हा. केबिन असलेल्या, अनेक दिवसांच्या जहाजाची गोष्ट वेगळी.

मोठी जहाजं दशाश्वमेधसारख्या गजबजलेल्या घाटाला लागत नाहीत, ती सहसा रविदास किंवा नमो घाटाला लागतात. रविदास घाट शहराच्या दक्षिण टोकाला, अस्सीच्याही पुढे. नमो घाट उत्तरेला, राजघाटच्या पुलाजवळ. दोहोंच्या मधे अख्खं जुनं शहर. तुमचं जहाज कुठून सुटणार हे कळल्याशिवाय ‘घाटाजवळचं हॉटेल’ या शब्दांना काही अर्थ नाही.

रविदास घाट असेल तर आधीची रात्र अस्सी किंवा लंका भागात काढा. रस्ते त्यातल्या त्यात रुंद आहेत, रिक्षा हॉटेलच्या जवळपास येते, सकाळी बॅगा घेऊन निघणं सोपं. नमो घाट असेल तर कॅन्टॉन्मेंट किंवा काशी स्टेशनकडचा भाग. गोदौलिया-दशाश्वमेध परिसरात मात्र आधीच्या रात्री राहू नका. तिथे गर्दीच्या वेळी वाहनं लांबच अडवतात, पुढे गल्ल्यांतून पायी जायचं, बॅगा हमालाच्या डोक्यावर किंवा आपल्या हातात, आणि घाटावरच्या हॉटेलांना तर पायऱ्याच पायऱ्या. फोटोत गंगा दिसते, त्या पायऱ्या दिसत नाहीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे फोनवर विचारूनच पैसे भरावेत.

तीच गल्ली क्रूझनंतर उतरलात तर मात्र अवश्य निवडा. मोठ्या बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये किंवा आधीच्या हॉटेलात ठेवा, दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्या आणि घाटावर राहा. विश्वनाथाचं पहाटेचं दर्शन पायी होतं, पंचगंगा, ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या मराठी वस्तीच्या जुन्या गल्ल्या हिंडता येतात, आणि आपल्या नागपूरच्या भोसल्यांनी बांधलेला भोसले घाटही तिथेच आहे. नागपूरकराने काशीला जाऊन तो न बघता यावं हे मला पटत नाही.

पोचण्याबद्दल: बाबतपूरचा विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. नागपूरहून जाणाऱ्या काही गाड्या, उदाहरणार्थ संघमित्रा, वाराणसीला न जाता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवर, म्हणजे जुन्या मुगलसरायला सोडतात. तिथून गंगेवरचा पूल ओलांडून शहरात यावं लागतं आणि संध्याकाळी त्या पुलावर तास सहज जातो. देव दिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, घाटावरच्या खोल्यांचे दर काही पटींनी वाढतात आणि त्या महिनोन् महिने आधी भरतात. तेव्हा कॅन्टॉन्मेंट किंवा थेट सारनाथ धरा.

कोलकाता आणि गुवाहाटी

कोलकात्याला आपण मुंबई-हावडा मार्गावर असल्याने गीतांजली किंवा हावडा मेलने थेट जातो. हावडा स्टेशन नदीच्या पलीकडे. क्रूझच्या जेटी बहुधा शहराच्या बाजूला, मिलेनियम पार्क ते आउट्रम घाट या पट्ट्यात. आधीची रात्र एस्प्लनेड, डलहौसी किंवा पार्क स्ट्रीटकडे. २०२४ पासून हावड्याहून नदीखालून मेट्रो एस्प्लनेडला येते, सामान कमी असेल तर तीच उत्तम. विमानाने येणारे विमानतळाजवळ म्हणून न्यू टाउनला खोली घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत अख्खं शहर ओलांडतात. न्यू टाउन परतीच्या रात्रीसाठी ठेवा. हुगळीला भरती-ओहोटी असते, त्यामुळे चढायची वेळ थोडी मागेपुढे होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

गुवाहाटीत जहाज पांडू बंदरातून असेल तर तुम्ही नशीबवान. पांडू हे विमानतळ आणि शहर यांच्या मधे आहे, कामाख्येचा नीलाचल डोंगर शेजारीच. मालीगाव-भरालुमुख भागात राहिलात तर देवीचं दर्शन पहाटे उरकून दुपारी जहाजात. पण ब्रह्मपुत्रेच्या सहलीत ‘गुवाहाटी’ म्हणून लिहिलेलं आणि जहाज मात्र जोरहाटजवळच्या निमाती घाटावर, असंही असतं. तसं असेल तर आधीची रात्र जोरहाटलाच काढा, गुवाहाटीला नको. रस्त्याने तो जवळजवळ पूर्ण दिवसाचा प्रवास आहे.

नाइल

हा प्रवास दिवाळीच्या सुट्टीत करावा. मे महिन्यात लक्सरला पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हाळ्यापासून पळून जाणाऱ्या नागपूरकराने तिकडे का जावं?

कैरोत मुक्काम दोन तुकड्यांत करा. पिरॅमिड आणि त्याच्या शेजारचं नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम पाहायचं असेल ते दिवस गिझाला राहा. मग लक्सर किंवा अस्वानच्या पहाटेच्या विमानाच्या आदल्या रात्री शहराच्या पूर्वेला, हेलिओपोलिसकडे या, कारण मुख्य विमानतळ तिथे आहे. गिझाहून पहाटे तीनला उठून पूर्ण कैरो पार करण्यात काही शहाणपण नाही. मात्र काही विमानं पश्चिमेकडच्या स्फिंक्स विमानतळावरून सुटतात. तसं तिकीट असेल तर हॉटेल बदलायचं कारण उरत नाही.

लक्सरला पूर्व किनाऱ्यावर राहा. विमानतळ, स्टेशन, कर्नाक आणि लक्सरचं मंदिर, बहुतेक जहाजांचे धक्के सगळे त्याच बाजूला आहेत. राजांची दरी पश्चिमेला, पण ती सहसा क्रूझच्या कार्यक्रमात असतेच. अस्वानला शेवट होत असेल तर तिथे एक रात्र जास्तीची नक्की घ्या: अबू सिंबेलची प्राचीन मंदिरं रस्त्याने एका बाजूला तीन-साडेतीन तासांवर आहेत, लोक पहाटे अंधारात निघतात. त्याच संध्याकाळचं विमान धरलं तर दिवसभर डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे.

जाता जाता: नाइलवर जहाजं एकाला एक चिकटून उभी करतात. तुमच्या जहाजात जायला दुसऱ्या दोन-तीन जहाजांच्या लॉबीतून चालावं लागतं आणि खिडकी उघडली की शेजारच्याची खिडकी. म्हणून ‘नदी दिसणारी खोली’ हवीच असेल तर ती हॉटेलात घ्या, तिथे ती खरोखर मिळते.

युरोप: आधी व्हिसाचा हिशोब

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाला, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो. क्रूझचं व्हाउचर फक्त जहाजावरच्या रात्री दाखवतं; आधीच्या-नंतरच्या रात्रींचं हॉटेल बुकिंग वेगळं जोडावं लागतं, आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही त्या रात्रींसह सगळ्या दिवसांचा हवा. अर्ज ज्या देशात सर्वात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. क्रूझमध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी अशा रात्री विभागल्या जातात, आणि शेवटी बुडापेस्टला वाढवलेल्या दोन रात्रींनी पारडं हंगेरीकडे झुकू शकतं. थोडक्यात, हॉटेलच्या रात्री आधी ठरवा, अर्ज नंतर भरा.

बुडापेस्ट. नदीच्या एका बाजूला सपाट पेस्ट, दुसऱ्या बाजूला चढ-उतारांचं बुडा. जहाजं बहुतांशी पेस्टच्या काठाला, साखळी पुलाच्या आसपास लागतात. पाचव्या जिल्ह्यात, म्हणजे पेस्टच्या काठावरच्या मध्यभागात, राहा. सातवा जिल्हा स्वस्त दिसतो, पण तिथल्या बारची गर्दी पहाटेपर्यंत चालते. विमानतळाहून १००-ई बस थेट शहराच्या मध्यावर, देआक चौकात सोडते. तिचं तिकीट वेगळं असतं.

व्हिएन्नात उलट सल्ला. जहाजं बरेचदा राइक्सब्रुके पुलाजवळ लागतात, तिथे आसपास फिरण्यासारखं फार काही नाही, पण यू-१ ही मेट्रो तिथून दहा मिनिटांत शहराच्या मध्यात नेते. म्हणून धक्क्याजवळ न राहता त्या मेट्रोच्या मार्गावर राहा. मुख्य रेल्वे स्टेशनचा परिसर मला सर्वात सोयीचा वाटतो: विमानतळाची रेल्वेही तिथेच येते आणि यू-१ देखील.

ॲम्स्टरडॅमला सेंट्रल स्टेशनच्या मागचा काठ आणि त्यापुढचे धक्के. स्टेशनजवळची हॉटेलं महाग आणि खोल्या इवल्याशा. २०२४ पासून खोलीभाड्यावर १२.५ टक्के पर्यटन कर आहे, तो बुकिंगच्या आकड्यात धरलाय का ते बघा. जुन्या कालव्याकाठच्या घरांतल्या हॉटेलांचे जिने शिडीसारखे उभे असतात. सुंदर आहेत, पण बॅग घेऊन चढायला नव्हेत. खर्च वाचवायचा असेल तर एकाच स्टेशनच्या अंतरावरचं स्लोटरडाइक, किंवा वीसेक मिनिटांवरचं हार्लेम. ट्युलिपच्या दिवसांत, त्यातही २७ एप्रिलच्या राजाच्या वाढदिवसाला, खोली मिळणं कठीण होतं.

स्वित्झर्लंडमधल्या, ऱ्हाइनकाठच्या बाझेलबद्दल एवढंच: तिथल्या हॉटेलात उतरलात की शहरातल्या बस-ट्रामचा पास फुकट मिळतो. तेव्हा धक्क्याच्या जवळ-लांबचा विचार न करता रेल्वे स्टेशनजवळ राहा.

कंपनीचं हॉटेल घ्यावं का?

क्रूझ कंपन्या आधीच्या-नंतरच्या रात्रींचं पॅकेज विकतात. ते स्वतः बुक केलेल्या हॉटेलपेक्षा बहुधा महाग असतं. पण त्यात विमानतळ ते हॉटेल आणि हॉटेल ते जहाज अशी गाडी, बॅगा थेट केबिनमध्ये, आणि गडबड झाली तर जबाबदार माणूस, एवढं येतं. पहिलीच परदेशवारी, सोबत वयस्क मंडळी, इंग्रजीत भांडायची तयारी नाही, अशांनी आधीच्या रात्रीसाठी ते घ्यावं. नंतरच्या रात्रींसाठी मी सहसा नको म्हणते. तोवर तुम्ही सरावलेले असता.

स्वतः बुक करणार असाल तर एक गोष्ट लेखी विचारून घ्या: विमानतळावरून न्यायला येणारी गाडी फक्त क्रूझच्या दिवशीच येते का? बहुतेकांची तशीच असते. एक दिवस आधी पोचलेल्याला टॅक्सी स्वतः करावी लागते, आणि काही कंपन्या हॉटेलातून न्यायलाही येत नाहीत.

हॉटेलला फोन करून काय विचारायचं

चेक-आउट अकराला, जहाज तीनला, तर मधल्या वेळात बॅगा ठेवून घेणार का? लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून आहे की आधी अर्धा जिना चढायचा? युरोपात ‘पहिला मजला’ म्हणजे आपला पहिलाच, पण जिन्याच्या पायऱ्या मोजून घ्या. गाडी दारापर्यंत येते का? नाश्ता किती वाजता सुरू होतो? खोलीत पाणी गरम करायची किटली आहे का? युरोपात ती गृहीत धरू नका. आपल्या लोकांचा सकाळचा चहा तिच्यावर अवलंबून असतो. उन्हाळ्यात एसी आहे का, हेही विचारा. जुन्या इमारतींत तो नसतो, आणि नागपूरचा माणूससुद्धा बंद खिडक्यांच्या खोलीत ३५ अंशांत झोपू शकत नाही.

नंतरची रात्र

जहाज सकाळी नऊला सोडता, तर त्याच दिवसाचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. आणि शेवटचं शहर बदलू शकतं हे मनात धरून चला. २०१८ आणि २०२२ मध्ये ऱ्हाइनचं पाणी इतकं उतरलं की जहाजांना पुढे जाणं अवघड झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये डॅन्यूबला पूर आला. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे नेतात किंवा दुसऱ्या जहाजात हलवतात, आणि उतरण्याची जागा बदलते. नंतरचं हॉटेल पैसे परत न मिळणारं स्वस्त म्हणून घेतलं असेल तर तो तोटा तुमचाच. आधीच्या रात्रीसाठी मी जागा बघते, नंतरच्या रात्रीसाठी रद्द करण्याची अट.

मुंबईची रात्र

ही रात्र कोणाच्याच यादीत नसते. परदेशातून येणारं विमान मुंबईला मध्यरात्री किंवा पहाटे उतरतं, नागपूरचं विमान सकाळी किंवा दुपारी. आता तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे ते नीट वाचा: २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, आणि तो खाडीपलीकडे आहे. जुन्या विमानतळावरही टर्मिनल एक आणि दोन वेगळ्या रस्त्यांवर आहेत, मधे टॅक्सी लागते. दोन विमानांत पाच तासांपेक्षा कमी वेळ असेल तर हॉटेलच्या फंदात न पडता विमानतळावरच बसा. त्याहून जास्त असेल तर अंधेरी पूर्व किंवा सहारकडे खोली घ्या, पण ती आदल्या तारखेपासून बुक करा. पहाटे तीनला दारात उभं राहिलात आणि बुकिंग त्याच दिवसाचं असेल, तर खोली दुपारी दोनला मिळेल.